मी सतरा नंबरच्या ओट्याची लिंक

मी लिंक बोलतेय. निळ्या अक्षरांची, खाली रेघ असलेली. तुम्ही दिवसातून दहादा मला बोट लावता, पण मी कुठं नेते ते वाचत नाही. म्हणून आज माझंच ऐका.

माझा जन्म अविनाशच्या कॉम्प्युटरवर झाला. धामणगाव बढ्याच्या आठवडी बाजारातल्या ओट्यांचं काम तो बघतो. प्रत्येक ओट्यासाठी त्यानं वेगळी लिंक केली. माझ्या शेपटीला सतरा नंबर बांधला आणि मला चांगुणाबाईच्या फोनात धाडलं. सोबत निरोप होता : बाजाराचं ॲप घ्या, लिंक दाबा, 'ओटा कायम' करा. मुदत बाजाराच्या दिवशी दुपारी बारापर्यंत. नाहीतर ओटा दुसऱ्याला जाईल.

चांगुणाबाई चौथी शिकलेली. वीस वर्षं त्याच जागेवर पोतं टाकून भाजी विकली तिनं. ओटे बांधा म्हणून बायांना घेऊन ग्रामपंचायतीच्या दारात बसली ती हीच. सतरा नंबर तिला कुणी दान नव्हता दिला.

मला पहिल्यांदा दाबलं तेव्हा फोननं विचारलं, ॲपमध्ये उघडू की ब्राउझरमध्ये? एकदाच की नेहमी? बुलढाण्याला कॉलेजात शिकणारी तिची लेक धम्मशीला बजावून गेली होती, "आई, फोनात नव्या गोष्टीले हो म्हणू नको. लुबाडतात." ॲप नवं, म्हणून बाईनं ब्राउझर दाबलं. वरून 'नेहमी'ही दाबलं. अर्धवट काम तिला जमतच नाही!

तिथंच माझी वाट चुकली. ती मला दाबायची आणि मी ब्राउझरच्या पानावर जाऊन पडायची. पान म्हणायचं, ॲप घ्या. अहो, ॲप फोनातच होतं, अविनाशनंच टाकून दिलेलं! तिनं ते नुसतं उघडलं, तर साऱ्या बाजाराची माहिती दिसायची, तिचा ओटा नाही. तो नंबर माझ्या शेपटीला, आणि मी बाहेर ताटकळत.

बाजाराचा दिवस आला. साडेअकरा झाले. शेजारच्या ओट्यावरची अन्नपूर्णाबाई हसली, "काऊन वो, फोनाशी भांडून राह्यली का? सोड. दोघी जाऊन बसू रस्त्याच्या कडेले."

"तू बस कडेले. मले माहा सतराच पाह्यजे. माह्या सांबाराच्या जुड्यांकडं ध्यान दे जरा." सांबार म्हणजे इकडं कोथिंबीर.

तिनं लेकीला फोन लावला. ती वर्गाच्या दारात होती. "आई, ॲपच्या चित्रावर बोट दाबून धर. माहिती उघडते. सारं मराठीतच लिवलेलं आहे, वाच. सर आले, ठेवते."

बाईनं चष्मा लावला. अक्षराखाली बोट धरून एकेक ओळ वाचली. गिऱ्हाईक विचारत होतं, मेथी कशी? "थांब दादा. मेथी कुठं पळून नाही जात." एका ओळीशी बोट थांबलं : या ॲपच्या लिंक ॲपमध्येच उघडा. समोरचं बटण बंद होतं. तिनं ते चालू केलं आणि मला दाबलं.

मी सरळ आत शिरले. ना पान, ना फेरा. ओटा सतरा, चांगुणाबाई. तिनं 'कायम' दाबलं. बाराला अठरा मिनिटं होती.

अन्नपूर्णाबाईचं हसू मावळलं होतं. "माहंबी तसंच अडकलं वो."

"मंग मघा काऊन हासत होती?"

"भर बाजारात रडू का मंग?"

"दे इकडं फोन. अन् ध्यान देऊन पाह्य, पुढच्या टायमाले तुलेच करा लागते."

अन्नपूर्णाबाईचा अठरा नंबरचा ओटाही बाराच्या आत कायम झाला.

आता मी मेले आहे. दाबलं तर 'मुदत संपली' एवढंच दिसतं. तरी चांगुणाबाईनं मला पुसलं नाही. बाया आल्या की मलाच दाखवते आणि शिकवते.

माझं मागणं एवढंच. फोन विचारेल तेव्हा घाबरून हो म्हणू नका, घाबरून नाहीही म्हणू नका. चष्मा लावा. बोट धरा. वाचा.