त्रासाला इंग्रजी शब्द

पाथरीजवळच्या गावात सरजामावशीचा गोठा जळाला आणि तिचे यजमान आश्रुबाकाका त्यातच गेले. पंचनाम्यात कंदील उलटल्याचं लिहिलं होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतरचे ते दिवस. आमच्या वस्त्यांत तेव्हा बरेच कंदील उलटले.

परभणीत माणिकराव वकिलांनी वरच्या साहेबांना पाठवायला तिचा जबाब इंग्रजीत तयार करायचं ठरवलं. मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालो होतो, म्हणून लिहायला मला बसवलं.

"काय केलं त्यांनी, मावशे?"

"तरास दिला."

"म्हणजे नेमकं काय?"

"तरास म्हंजे तरास. इतका शिकलास, तेवढं कळंना व्हय?"

वकील म्हणाले, "नुसतं अ‍ॅनॉयन्स लिहिलंस तर साहेबांना वाटेल शेजाऱ्यानं रेडिओ मोठ्यानं लावला. दुसरा शब्द बघ. नाहीतर तिनं पाहिलं ते सगळं लिही."

मी त्यांचा जाड शब्दकोश उघडला आणि एकेका शब्दाचं मूळ तिला मराठीत सांगू लागलो. 'इरिटेट' ओळखीचा होता. बेडकाच्या स्नायूला विजेचा झटका दिला की तो आखडतो, त्या गुणाला आम्ही इरिटेबिलिटी म्हणायचो. मावशीनं नकारार्थी मान हलवली. 'व्हेक्स' म्हणजे मुळात गदागदा हलवणं. 'हॅरस' बहुधा अंगावर कुत्रं सोडतानाच्या हाळीवरून आलेला. 'पेस्टर' म्हणजे मुळात जनावराच्या पायांत दावं अडकवणं.

"दावंच," मावशी म्हणाली. "बैलं दाव्यालाच होती. हे दावी कापायला आत गेले. गावातल्या किशनरावाच्या पोरानं भाईरून कडी घातली. म्या पाह्यलं."

मी लिहायला लागलो. तिनं माझं मनगट धरलं.

"लिहू नको. सून लेकरं घेऊन तिथंच हाय. पाण्याला त्यांच्याच दारावरून जाती."

"नाही लिहिलं तर कंदीलच खरा ठरंल, मावशे."

"ठरू दे. तू तरासच लिही."

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मी 'अ‍ॅनॉयन्स' लिहिलं आणि सवयीनं त्याचंही मूळ पाहिलं. 'द्वेषात' अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांतून निघून, झिजत झिजत तो इथवर आला होता. मी तिला तेही सांगितलं.

"सायबाला ठावं असंल हे?"

"नसंल."

"मग चालतंय," ती म्हणाली आणि अंगठ्यासाठी हात पुढं केला.