मंद्रूपच्या बाजाराचं पथ्य

वीरभद्रप्पाच्या उजव्या पायाचा अंगठा वांग्यासारखा टरारला होता. चादरीचा काठ लागला तरी ठणका मस्तकात जाई. डॉक्टरांनी अंगठा बघितला आणि सगळ्यांदेखत विचारलं, “मटण खाता का?”

दारात बायको ईरम्मा, तिच्यामागं सून दाक्षायणी.

“आमच्यात तसलं काय चालत न्हाय बघा,” ईरम्माच बोलून गेली.

वीरभद्रप्पानं मान डोलावली. दर आठवड्याला मंद्रूपच्या बाजारात धान्याचा सौदा उरकला, की दोस्त मायाप्पाच्या मळ्यात त्याच्यासाठी मटण शिजायचं, कलेजीसकट. कित्येक वर्षं. सोलापुरातल्या घरी कुणाला वाससुद्धा लागला नव्हता.

“हा गाऊट आहे, युरिक ॲसिड वाढून सांधा सुजतो,” डॉक्टर म्हणाले. “डाळी जरा कमी करा. साय काढलेलं दूध, दही, ताक भरपूर घ्या.”

ईरम्मानं पथ्य नेमानं सांभाळलं. सकाळी दूध, दुपारी दही-भाकरी, सांजेला ताक. सूज उतरली. वीरभद्रप्पा बाजारला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी अंगठा पुन्हा पेटला.

डॉक्टर कोड्यात पडले. “असं व्हायला नको होतं. काहीतरी सांगायचं राहतंय तुमचं.”

वीरभद्रप्पाची पंचाईत झाली. बोलावं तर घरात तोंड दाखवायची सोय नाही, न बोलावं तर पाय जातोय. उठून पळावं म्हटलं तर पाऊल टेकत नव्हतं.

“दाक्षायणी, चहा टाक जा,” ईरम्मानं सुनेला आत पाठवलं. मग नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “मी बी भायेर थांबते. डॉक्टरास्नी खरं सांगा. बाजारातनं आल्यावर तुमच्या धोतराला कसला वास येतो, मला कळत न्हाय व्हय?”

तिनं दार ओढून घेतलं. वीरभद्रप्पानं भिंतीकडं तोंड केलं आणि सगळं सांगितलं.

तेव्हापासून बाजारला मुलगा जाऊ लागला. पाय सुधारला, पण वीरभद्रप्पा घरातच बसून राहिला. ईरम्मानं त्या गोष्टीचा पुन्हा चकार शब्द काढला नाही. वेळ झाली की दह्याची वाटी पुढं यायची, बस्स. ते गप्प राहणं त्याला ठणक्याहून जड जाऊ लागलं.

एका दुपारी त्याला राहवेना. “ईरम्मा, एकदा शिवी तरी दे की!”

“दही आंबट हाय का?”

“न्हाय.”

“मग खावा.”