डिकीतला मासा

गाडी सर्व्हिसिंगहून आली ती लखलखत. मी डिकी उघडली. मासा नव्हता.

आमच्याकडे रीत आहे: नव्या गाडीच्या चाकांवर दारू शिंपडायची आणि सुका मासा पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळून डिकीत ठेवायचा, म्हणजे अरिष्ट त्याच्यावर जातं. धाकट्या मुलाच्या, इनबेच्या गाडीत मी स्वतः ठेवला होता. तो घाट ओलांडून जंगसनच्या शाळेत शिकवायला जातो. सात वर्षांपूर्वी त्याच घाटात थोरला इनतेक गाडीसकट दरीत गेला. त्याच्या गाडीतला मासा सुनेनं फेकला, असं मी सगळ्यांना सांगितलं. ती माहेरी गेली ती गेलीच. अजूनही संध्याकाळी फाटकाशी थोरल्याचा हॉर्न वाजतो. मी बाहेर जाते. कुणी नसतं.

बस पकडून मी शोरूममध्ये गेले. काउंटरवरचा प्यो नावाचा माणूस दोन्ही हातांनी कॉफी पुढे करत म्हणाला, “आई, वास येत होता हो. डिकी फुकटात धुऊन दिली.”

या लोकांना सगळ्या म्हाताऱ्या आईच! पण ‘वास येत होता’ ऐकताच मी कॉफी बाजूला सारली.

“मासा कुठाय?”

त्यानं कॉम्प्युटर बघितला. “इथे लिहिलंय, ‘ग्राहकाचं सामान: काही नाही’. म्हणजे मासा नव्हताच.”

“मग वास काय तुझ्या तोंडाचा आला?”

तो खाली वाकून कुजबुजला, “आई, उद्या कंपनी मुलाला फोन करेल. आमच्या कामाला दहापैकी दहा गुण द्यायला सांगा. नऊ दिले तरी माझी धडगत नाही.”

“मासा आण, अकरा देते.”

बिचारा खरंच मागच्या कचऱ्यात हात घालून आला. कचरागाडी सकाळीच गेली होती. तो कमरेत वाकून माफी मागत राहिला. मला धड रागावताही येईना.

बाजारातून नवा मासा आणि दोरा घेऊन घरी आले, तर इनबे जंगसनला निघालाच होता. मी सरळ शेजारच्या सीटवर बसले.

“आई, तू कुठे?”

“चल. वाटेत बांधते.”

घाट लागला. वळणावळणाला दोरा सुटत राहिला.

“राहू दे गं,” इनबे हसला. “बांधून तरी काय? दादाच्या गाडीतला वहिनीनं फेकलाच ना?”

“नाही फेकला.” माझ्या तोंडून निघून गेलं. “मला न विचारता गाडी घेतली म्हणून मी रुसले होते. तो तीनदा म्हणाला, आई, मासा बांध. मी बांधलाच नाही.”

इनबेनं गाडी कडेला घेतली. मला वाटलं, आता उतर म्हणेल.

“वहिनीला हे माहीत आहे?”

“ती तिथेच उभी होती,” मी म्हणाले. “तिनं कुणाला सांगितलं नाही.”