भिंतीकडे तोंड केलेला आरसा

माझ्या काचेवर श्वासाची वाफ बसते, तेव्हा तिचा आकार पाहण्यासारखा असतो. आपला 'फ' म्हटला की वाटोळा ठिपका उमटतो. एका पावसाळ्यात मात्र ठिपक्याऐवजी बारीक, लांबट पट्टा उमटू लागला. खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून कोणीतरी हवा हळूच सोडत होते. हा आपला 'फ' नव्हता; मला तेव्हाच शंका आली.

मित्रांनो, मी मार्गासनीतल्या एका घराचा जुना आरसा आहे. भोरच्या बाजारात माझी काच कापली गेली, लाकडी चौकट बसली आणि चंद्राबाईंच्या लग्नात रुखवताबरोबर मी इथे आलो. माझ्यासमोर भांग पडले, दाढ्या झाल्या. कडेला चिकटवलेल्या टिकल्या मी सांभाळल्या. पाहुणे माझे कौतुक करत. पुढे मोबाईल आले. माणसे त्यातच स्वतःला पाहू लागली आणि माझ्यावर धूळ साचली.

मग चंद्राबाईंची लेक अश्विनी विज्ञानाची पदवी घेऊन पुण्याहून परतली. शेतातून आली की दिवेलागणीला ती माझ्यासमोर उभी राहायची. कानात मोबाईलची वायर, ओठांवर अनोळखी शब्द. "सी, सी, चेर्तो," म्हणत ती हसायची, हात हलवायची. पलीकडे नक्की कोणीतरी आहे, असे मला वाटे.

संशय मला एकट्यालाच नव्हता. भातलावणीला सावडीने एकमेकांच्या शेतात राबायची इथली रीत. त्या सावडीला आलेली शेजारची रत्ना चहा पिताना म्हणाली, "वैनी, तुमची लेक रोपं लावताना पुटपुटतीया. आन् गालात हसतीया! मोबाईलवाला कोन तरी हाय बगा."

चंद्राबाईंचा चेहरा उतरला. उत्रोलीचे स्थळ रविवारी बघायला येणार होते.

त्या संध्याकाळी लेक माझ्यासमोर उभी राहताच त्या कडाडल्या, "दिवेलागणीला आरशात बगू न्हाई, किती येळा सांगितलं? कुनाला हसून दावतीस?"

"कुनाला न्हाई गं. भाषा शिकतीया. इटलीची."

"तिथं आपलं कोन हाय?"

अश्विनीने नजर चुकवून कानातली वायर काढली. त्याने आईचा संशय पक्का झाला. चंद्राबाईंनी माझे तोंड भिंतीकडे फिरवले.

आता मला फक्त ऐकू येत होते. अश्विनी माझ्या पाठीशी उभी राहून बोलतच होती. ती एक वाक्य म्हणे, अडखळे, वायरीतून झिरपणारा मोबाईलमधला आवाज पुन्हा ऐके आणि तेच वाक्य नव्याने म्हणे. मधे कोणी उत्तर देत नसे. प्रियकराशी असे कोण बोलते? माझा संशय चुकीचा होता. पण सांगणार कोणाला?

शनिवारी दिवेलागणीला मोबाईलचा आवाज खोलीभर घुमला आणि प्रथमच उत्तर आले. बाईचा आवाज होता, वयस्कर आणि खणखणीत. अश्विनी न अडखळता बोलत होती, मधेच खळखळून हसत होती. दारात चंद्राबाईंची पावले थांबली.

"ही म्हातारी कोन?" बोलणे संपल्यावर त्यांनी विचारले.

"तिथल्या भातशेतीची मालकीण. तिथं बियाण्याचं काम शिकायला मी अर्ज केलाय. आपली आपण भाषा शिकले म्हटलं, तर खरंच बोलता येतंय का, ते बघत होती. ये म्हणाली."

"तिथं भात पिकतो?"

"पिकतो की."

"मग लावणीला सावड आसंल."

"न्हाई. यंत्रानं पेरतात."

"तरीच तिला मानसं शोधावी लागत्यात!" चंद्राबाई फणकारल्या. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आन् मला का न्हाई सांगितलंस?"

"तू न्हाई म्हणशील म्हणून."

मित्रांनो, आरसा मळला तर पुसावा, त्याला भिंतीकडे वळवू नये. माणसाच्या बाबतीत शंका आली तर तोंड फिरवण्याआधी त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे.

खिळ्यावर दोरी करकरली. ऐन दिवेलागणीला चंद्राबाईंनी मला फिरवले आणि पदराने पुसले. माझ्यात दोन चेहरे शेजारी शेजारी उमटले.

"उद्या पाव्हन्यांना काय सांगू?"

इतकी वाक्ये घोकलेल्या मुलीला हे एक वाक्य जड गेले. तिने आरशातूनच आईकडे पाहिले.

"येऊ नका म्हण, आई. मी इटलीला जाणार."