उगमाचा रकाना

“हिस्टेरिया आहे हो. लक्ष दिलंत की वाढेल. एकटं सोडा, आपोआप उठेल.”

डॉक्टरांचा हा आवाज कानावर पडला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आई फरशीवर थरथरत होती, ओठांवर फेस होता, आणि बाबांनी डॉक्टरांचं ऐकून खोलीचं दार ओढून घेतलं होतं.

आता ती वैद्यकीय शब्दकोशाच्या कचेरीत व्युत्पत्तीची कार्डं लिहिते. तेवीस वर्षांत तिचं एकही कार्ड परत आलं नव्हतं. ‘हिस्टेरिया’चं हे एकच तिसऱ्यांदा आलं.

“ताई, तुमच्या कार्डाला पाय फुटलेत,” संपादक तिच्या टेबलाला टेकून म्हणाले. “सारखं माझ्याकडे चालत येतंय.”

“पाय त्या शब्दालाच होते, सर. ग्रीकांचा शब्द, गर्भाशयावरून आलेला. बाईचं गर्भाशय अंगभर हिंडतं, गळ्याशी आलं की ती गुदमरते, असं जुने वैद्य मानायचे.”

“मग ‘ग्रीक, गर्भाशय’ एवढ्यावर आटपा. आणि खालचं उदाहरण काढा. कोश डॉक्टर घेणार, त्यांच्याच नाकाला मिरच्या कशाला झोंबवता?”

खालचं उदाहरण म्हणजे नवव्या वर्षी ऐकलेलं तेच वाक्य. कोण बोललं, कोणाविषयी, हे उगमाच्या रकान्यात भरल्याशिवाय वाक्य छापायचं नाही, हा कचेरीचा नियम. तिन्ही वेळा तिनं रकाना कोरा सोडला होता. आईचं दुखणं बाहेर काढशील तर याद राख, तुझं लग्न ठरायचंय, असा मावशीनं दम भरला होता. लग्न झालं, मावशी गेली, तोंडावरचं कुलूप तेवढं राहिलं.

संपादकांनी लाल पेनाचं टोपण काढलं. “उगम नाही म्हणजे वाक्य तुमच्या मनचं. खोडतो.”

तिनं कार्डावर तळहात ठेवला.

“हात काढा, ताई.”

“नाही काढणार.”

दुसऱ्या हातानं ती रकाना भरू लागली. अक्षर वाकडं येत होतं, पण आवाज सरळ होता.

“बोलणारे, आमचे घरचे डॉक्टर. कोणाविषयी, माझी आई. ती उठली नाही, सर. मेंदूत गाठ होती, गेल्यावर चिरलं तेव्हा सापडली. गर्भाशय बिचारं जिथल्या तिथे होतं.” तिनं रकान्यात आणखी एक ओळ घातली. “ऐकणारी मी. बाबांनी दार ओढलं, बाहेरून कडी मी घातली. हेही छापा.”