एक निरोगी, प्रौढ व्यक्ती

"आजारी व्यक्तीला वेगळ्या खोलीत ठेवावे," परिपत्रकबाईंनी फोनवर वाचून दाखवलं. मग त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

"पण बाई, खोली एकच आहे," पलीकडचा आवाज म्हणाला. बारीक आवाज, मुलीचा.

"घरातलं मोठं माणूस दे बाळा फोनवर."

"मोठं माणूस आजीच आहे. तीच आजारी आहे."

पुढची ओळ होती : 'आजारी व्यक्तीची देखभाल घरातील एका निरोगी, प्रौढ व्यक्तीने करावी.' बाईंनी ती मनातल्या मनात वाचली आणि बोट तिथेच ठेवून बसून राहिल्या. सगळी नोकरी कागद वाचण्यात गेली होती, पण लिहिलेलं वाक्य वाचायचं सोडून देण्याची ही पहिलीच वेळ.

त्या सरकारी शाळेच्या कचेरीत कारकून होत्या. दाखले, हजेरी, बदल्यांचे अर्ज, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं आणि एकही कागद नियमाबाहेर जायचा नाही. परिपत्रकबाई हे नाव शिक्षकांनी ठेवलं होतं. बाईंना शिंक आली तरी आधी परिपत्रक बघतात, असं मधल्या सुट्टीत कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे चहा सांडेपर्यंत हसायचे. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. लिहिलेलं बोललं की माणूस तोंडघशी पडत नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. आई गेल्यापासून त्या एकट्याच राहत. घरी बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे तिथे चुकायचीही भीती नव्हती.

साथ आली, शाळा बंद झाली. शिक्षकांना घरोघरच्या पाहणीला जुंपलं. वरून पालकांसाठी सूचनांचं परिपत्रक आलं : मुलांना कसं जपावं, घरात कुणी आजारी पडलं तर काय करावं. ज्यांच्या घरी ते पोचणार नाही किंवा वाचता येणार नाही, त्यांना फोन करून वाचून दाखवायचं काम साहजिकच बाईंच्या गळ्यात पडलं. हे काम त्यांच्या स्वभावाला अगदी फिट्ट बसणारं होतं. रिकाम्या शाळेत, उलटे करून ठेवलेल्या बाकांच्या शेजारच्या कचेरीत बसून त्या रोज तेच वाचत. बहुतेक पालक 'बरं बरं' म्हणून फोन ठेवत. काही जण शाळा कधी उघडणार ते विचारत. एक जण तर रोज सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, 'राँग नंबर आहे बाई, पण सांगता छान.'

ही मुलगी पाचवीतली. तिला आई नव्हती. वडील शीतगृहात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करत. आठवड्याच्या सुरुवातीला त्यांना ताप भरला, गाडी येऊन घेऊन गेली आणि ते कुठल्या इस्पितळात आहेत हेही घरी कुणाला नीट कळलं नाही. जाताना त्यांनी फोन मुलीच्या हातात देऊन ठेवला होता. मग आजीला खोकला सुरू झाला. शेजारच्यांनी दारं लावून घेतली. एक बाई जिन्यात डबा ठेवून जायची आणि खाली पोचल्यावर हाक मारायची. तिलाही लहान मुलं होती. तिला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता.

बाईंनी मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग एका थकलेल्या माणसाने पत्ता विचारला, नोंद झाली म्हणाला. खाट रिकामी झाली की गाडी पाठवू. कधी, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, ताई, ते मला माहीत असतं तर मीच सुखी असतो. मग त्यांनी मुख्याध्यापिकांना फोन केला. त्यांचे यजमान स्वतः प्राणवायूवर होते. तुम्ही कळवलंत ना वर, मग आपल्या हातात काय उरलं, असं त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. बाईंनाच त्यांची समजूत काढावी लागली.

तेव्हा बाईंनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. परिपत्रकात नसलेलं सांगितलं. दोरी आहे का घरात, चादर आहे का, असं मुलीला विचारून त्यांनी खोलीच्या मधोमध पडदा बांधायला लावला. आजी खिडकीकडे, मुलगी दाराकडे. ताट पडद्याखालून सरकवायचं, हात धुवायचे, तोंडाला फडकं बांधायचं. मुलीने सगळं केलं आणि फोनवर तक्रार केली, "आजी म्हणते चादर उलटी लावलीस ठकू, फुलं तुझ्याकडे गेली, माझ्याकडे नुसते धागे आले."

"आजीला सांग, बरी झाल्यावर सुलट लावू."

सकाळ-संध्याकाळ फोन सुरू झाला. मुलीने फोनचा आवाज मोठा करून पडद्यापाशी ठेवला की आजीही बोलायची. म्हातारी बोलायला खट होती. तुमच्या शाळेत घोकंपट्टी फार, असं तिने पहिल्याच दिवशी सुनावलं. पोरीने हात धुवायचे नियम पाढ्यासारखे म्हणून दाखवले, आता उलटे म्हणायला लावू नका म्हणजे झालं. बाईंना हसू आलं. रिकाम्या कचेरीत आपलं हसणं त्यांना भलतंच मोठं वाटलं. घरी गेल्यावरही त्या दोघींचं बोलणं त्यांच्या कानात घोळत राहायचं. भात पातळ झाला का, औषधाची गोळी गिळवली का, असले प्रश्न त्यांना जेवताना सुचायचे आणि त्या हात धुऊन परत फोन लावायच्या.

एके दिवशी आजीने मुलीला जिन्यातला डबा आणायला पिटाळलं आणि तेवढ्यात बाईंना हळूच म्हणाली, "मी तर पिकलं पान. माझं काय व्हायचं ते होवो. पण ही पोर झोपेत सरकत सरकत पडद्याखाली येते. मी ओरडले की रुसते. तुमचं ऐकते ती. तिला माझ्याजवळ येऊ देऊ नका. काही झालं तरी नको."

"नाही येऊ देणार," बाई म्हणाल्या.

"शब्द द्या."

बाईंनी शब्द दिला. त्या संध्याकाळी त्यांनी ठकूला चांगलीच तंबी दिली. पडदा ओलांडायचा नाही, आजीला हात लावायचा नाही, आजी म्हणाली तरी नाही. मुलीने विचारलं, तुम्ही म्हणालात तर? बाई म्हणाल्या, मी म्हणणारच नाही.

पुढचे दोन-तीन दिवस आजीचं बोलणं कमी कमी होत गेलं. आधी ती वाक्यं अर्धी सोडायला लागली, मग नुसतीच हूं म्हणायची. बाई मदतकेंद्राला फोन लावत राहिल्या. तिथला थकलेला माणूस आता त्यांचा आवाज ओळखायला लागला होता. तुमचं नाव वर आहे, असं तो म्हणायचा. वर म्हणजे किती वर, ते सांगायचा नाही.

त्या दिवशी सकाळी मुलीचाच फोन आला. आजीच्या छातीतून आवाज येतोय आणि हाक मारली तर ओ देत नाही, असं ती म्हणाली. रडत नव्हती. शाळेत घडलेली गोष्ट सांगावी तसं सांगत होती. बाईंनी मदतकेंद्राला फोन केला. गाडी निघते आहे, असं उत्तर आलं. निघते आहे म्हणजे निघाली नाही, एवढं बाईंना कळत होतं. कर्मचाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या घरी जाऊ नये असा स्पष्ट आदेश त्यांच्याच टेबलावरच्या काचेखाली होता. बाईंनी कचेरीला कुलूप लावलं, छत्री उघडली आणि चालायला लागल्या.

इमारतीच्या दाराला पट्टी बांधली होती. समोर खुर्ची टाकून एक रखवालदार बसला होता. बाईंनी शाळेचं ओळखपत्र दाखवलं, वर एक लहान मुलगी एकटी आहे, आजी अत्यवस्थ आहे, मी फक्त दारापर्यंत जाते, असं सांगितलं. तो उठून उभा राहिला, आदबीने बोलला, पण बाजूला झाला नाही. वरचं माणूस खाली नाही, खालचं वर नाही. माझी नोकरी जाईल बाई, आणि तुमचा जीव. त्याच्याही हातात कागद होता. तो त्यातली ओळ त्यांना वाचून दाखवायला लागला. वाचताना तो अडखळत होता. बाईंना ती ओळ पाठ होती. तरी त्यांनी ऐकून घेतली.

मग त्या मागे रस्त्यावर गेल्या आणि त्यांनी फोन लावला.

"ठकू, दाराबाहेर जिन्यातल्या खिडकीत ये. फोन घेऊन ये. मी खाली उभी आहे."

दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत फडकं बांधलेलं एक छोटं तोंड आलं. दोघींनी एकमेकींना पहिल्यांदाच पाहिलं.

"तुम्ही बारीक आहात," मुलगी फोनवर म्हणाली. "मला वाटलं होतं जाड असाल."

"गाडी येतेय बाळा. आता परत आत, दारापाशी जाऊन बस."

मुलगी गेली. फोन चालूच होता. बाईंच्या कानात तो श्वास ऐकू येत होता, करवतीसारखा, मधेच अडकणारा. छत्रीच्या सावलीत उभ्या राहून त्या रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिल्या. एक सायकल गेली. मग बराच वेळ काहीच नाही.

"बाई," मुलगी म्हणाली. "आजीचा हात पडद्याखालून बाहेर आलाय. माझ्याकडे. धरू?"

बाईंनी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"बोटं हलवतेय. बोलावतेय मला. धरू ना?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. पट्टी होती, रखवालदार होता. निरोगी, प्रौढ व्यक्ती इथे खाली रस्त्यावर छत्री धरून उभी होती. एकदा वाटलं, धर म्हणावं. घट्ट धर म्हणावं. मग म्हातारीला दिलेला शब्द आठवला, आणि मुलीच्या वडिलांचाही विचार आला, जे कुठल्यातरी खाटेवर पडून घरी दोघी सुखरूप आहेत असं समजत असतील.

"नको बाळा," त्या म्हणाल्या. "हात नको. तिच्याशी बोल."

"थोडाच वेळ."

"नको."

मुलीने पुन्हा विचारलं नाही. ती बोलायला लागली. आजी, खाली बाई आल्यात. काळी छत्री आहे त्यांची. बारीकच आहेत गं, तू म्हणालीस तशा नाहीत. गाडी येतेय. मी इथेच बसलेय, बघ. हे सगळं बाईंना ऐकू येत होतं, आणि त्यामागचा तो श्वासही. कधीतरी मुलीचं बोलणं एकटंच उरलं. ते उरल्यावरही ती बराच वेळ बोलत होती.

गाडी आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पांढऱ्या पोशाखातले दोघे वर गेले आणि सावकाश खाली आले. त्यांना आता घाई नव्हती. मुलीला तपासणीसाठी दुसऱ्या गाडीत बसवलं. ती बाईंच्या समोरून गेली, पण मधे पट्टी होती. बाईंनी हात वर केला. मुलीने मान हलवली.

ठकूला काही झालं नव्हतं. वडील बरे होईपर्यंत तिची आत्या तिला आपल्या गावी घेऊन गेली, एवढं बाईंना नंतर फोनवर कळलं. त्यांनी आणखी फोन केला नाही. काय वाचून दाखवणार होत्या?

शाळा उघडली तेव्हा वर्ष उलटलं होतं. बहुतेक बंधनं उठली होती. बाई फाटकापाशी मुलांचा ताप बघत उभ्या होत्या. एक गालफडं बसलेला माणूस मुलीला घेऊन आला आणि बाजूला थांबला. गर्दी ओसरल्यावर पुढे येऊन त्याने आपण कोण ते सांगितलं.

"तुम्हाला भेटायचं होतं," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत म्हणून माझी पोर वाचली. आईने हात पुढे केला होता, तरी हिने नाही धरला. शेवटपर्यंत नाही. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, असं सगळ्यांना सांगत असते."

तो मनापासून बोलत होता. त्याचे डोळे भरून आले होते.  बाईंनी तापमापक उगीचच पुसला. त्याने मुलीला पुढे केलं. उंच झाली होती. जा बाईंबरोबर, असं तो म्हणाला, नवा वर्ग दाखवतील, हात धर त्यांचा.

बाईंनी हात पुढे केला.

मुलीने त्या हाताकडे पाहिलं. मग आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकात एक घट्ट धरले.

"नको बाई," ती अगदी शहाण्यासारखी म्हणाली. "मी येते ना मागून."

बाई पुढे निघाल्या. व्हरांडा नुकताच धुतला होता, फरशी ओली होती. मागून लहान पावलं येत होती. तिला शेजारी येऊ द्यावं म्हणून बाईंनी चाल मंद केली. मागच्या पावलांनीही चाल मंद केली.