मानेतली नस

"नीट बघा हो," मी म्हणालो. "काहीतरी असणारच."

डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा दांडा माझ्या मानेवरून पुन्हा फिरवला. त्या गार, चिकट मलमाने कॉलर भिजली होती, आणि पडद्यावर माझं रक्त शहाण्या मुलासारखं सरळ वाहत होतं. मला त्याचा रागच आला.

"अहो, स्वच्छ आहे नस. चरबीचा थर नाही, काही नाही. एवढं ऐकायला लोक देव पाण्यात घालून बसतात, आणि तुम्ही तोंड पाडून बसलाय!"

"माझा जुळा भाऊ नसा भरूनच गेला. चेहरा एक, आवाज एक. शाळेत त्याच्या वाटचा मार मी खाल्लाय. मोठेपणी लिफ्ट दुरुस्तीचं कामही एकाच मालकाकडे. मग नसाच तेवढ्या वेगळ्या कशा?"

"सगळं रक्तातून येत नाही. झोप, ताण, सिगारेट..."

"सिगारेट मी ओढतो. तो नुसत्या वासानेही खोकायचा."

बाईंनी दांडा पुसून ठेवला. मग म्हणाल्या, "आता आहाराचं म्हणाल तर..."

"ते नको!" मी एवढ्या जोरात ओरडलो की दारातून नर्स डोकावली.

घरी तेच तर चाललं होतं. थोरला, म्हणजे माझ्या दहा मिनिटं आधी जन्मलेला हा जुळा, संध्याकाळी फिरायला गेला, बागेतल्या बाकावर टेकला आणि बसल्या जागी संपला. लग्नानंतर त्यांचं बिऱ्हाड वेगळं होतं. तो गेल्यावर मी वहिनींना आमच्याकडे आणलं आणि आईने त्यांचा जीव नकोसा केला. "एका पोटचे, एका दिवसाचे," ती म्हणायची. "हा मेला धुरांडं, तरी धडधाकट. का? याला मी खाऊ घातलं. त्याला तू घातलंस." वहिनी ब्र काढायच्या नाहीत. एकदा फक्त मला हळूच विचारलं, "भाऊजी, माझ्या हातून तेल जास्त पडायचं का हो?" आणि आज सकाळी त्यांनी बॅग भरली. बहिणीकडे चालल्या होत्या, कायमच्या. मी येईपर्यंत थांबा, एवढंच कसंबसं कबूल करून घेतलं होतं.

"मग त्याचं कशाने झालं ते तरी सांगा," मी बाईंना म्हणालो.

"एका माणसाचं तसं ठाम सांगता येत नाही. खूप जुळी तपासली की रक्ताचा वाटा किती, राहणीचा किती, याचा अंदाज येतो. तुमच्या भावाचं नेमकं काय झालं, ते कुणीच सांगणार नाही."

लिफ्ट बंद पडली आणि मी असं उत्तर दिलं, तर लोक मला जिन्यावरून ढकलून देतील. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मान पुसली आणि निघालो.

वहिनी दाराजवळ बॅगेवर बसल्या होत्या. आई त्यांच्याकडे पाठ करून भाजी चिरत होती.

"काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं.

"माझीही भरलीय," मी म्हणालो. "अर्धी. रक्तातच आहे म्हणाल्या. खाण्यापिण्याचा काही संबंध नाही."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवून हमसून हमसून रडायला लागल्या. थोरला गेला त्या दिवशीही त्या अशा मोकळ्या रडल्या नव्हत्या. एकदाचं जमलं, असं मला वाटलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

आईची सुरी थांबली.

"रक्तातलं म्हणजे माझंच ना रे?"

"बाबांचंही असेल."

"ते चांगले म्हातारे होऊन गेले. माझा भाऊ मात्र चाळिशीतच गेला, असाच."

हे कसं सुचलं नाही मला? गाढव नुसता! खरं सांगावं तर बॅग उचलली जाणार, न सांगावं तर हे. कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय या घरातलं मरण संपतच नव्हतं.

"आई, तुम्ही नका हो मनाला लावून घेऊ," वहिनी रडतरडतच म्हणाल्या.

आई उठली, हात पुसत माझ्यापुढे आली. टाचा उंचावूनही तिचा हात नीट पोचेना.

"कुठे आहे?"

मी वाकलो. तिचं बोट धरून मानेवर टेकवलं. "इथे."

"दुखतं का रे?"

"नाही."

ती तिथे अंगठ्याने हळूहळू चोळत राहिली, आणि मी मान वाकवून उभा राहिलो.